अठरा टनांची न्याहारी

कोरीट, नंदुरबारकडची मंडळी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांना सरावलेली. याच रुळांवर एके काळी वाफेची इंजिने धावत. त्यांना पाणी भरणे सोपे, नळ सोडला की झाले. खरी कसोटी कोळशाची.

मालगाड्या ओढणाऱ्या 'डब्ल्यूजी' इंजिनाच्या टेंडरमध्ये (इंजिनामागे जोडलेल्या कोळशा-पाण्याच्या गाड्यात) सुमारे १८ टन कोळसा मावे. टोपलीत २५ किलो धरले, तरी एका इंजिनासाठी ७२० टोपल्या! आणि त्या टेंडरच्या उंचीवर चढवायच्या. आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून अनेक इंजिन-शेडमध्ये हे काम बराच काळ माणसांच्या डोक्यावरूनच झाले. यंत्राच्या इतिहासात या मजुरांना, त्यांतल्या बायकांना, जागा मिळत नाही, हे खटकते.

पहिली सुधारणा साधी होती: उंच धक्का. कोळशाच्या वाघिणी (मालडबे) चढावरून वर ढकलायच्या, कोळसा खाली टेंडरमध्ये लोटायचा. एकदा वर नेलेला कोळसा पुढे गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. दुसरी सोय वाफेच्या क्रेनची, बादलीने किंवा पंजाने उचलण्याची. ब्रिटनमधल्या मोठ्या शेडमध्ये तर काँक्रीटचे मनोरे होते. अख्खी वाघीण वर उचलून तिथे उलटी करत. खालच्या नरसाळ्याचे दार उघडले की काही मिनिटांत टेंडर भरे. मात्र उंचावरून पडून कोळशाचा चुरा होई, धूळ उडे. असे मनोरे परवडत ते रोज पुष्कळ इंजिने येणाऱ्या शेडलाच.

टेंडरमधून भट्टीत कोळसा टाकायला मात्र फायरमनचे फावडेच. अखेर भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये थांबली.