कापडी बटणाचे मोल

कोट शिवून झाला की थोडे कापड उरते. तो तुकडा गोल लाकडी साच्यावर ताणून बसवला की कोटाशी तंतोतंत जुळणारे बटण तयार होते. या साध्या बटणावर अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चक्क बंदी होती. तिथे लीक आणि मॅकल्सफील्डसारख्या गावांत रेशमाच्या आणि मोहेरच्या धाग्याची बटणे सुईने केली जात, आणि त्यावर हजारो लोकांची पोटे चालत. शिंपी उरलेल्या कापडाचीच बटणे करू लागले तेव्हा या लोकांच्या पोटावर पाय आला. मग संसदेने १६९८, १७०९ आणि १७२० साली एकामागून एक कायदे केले. कापडी बटण लावणाऱ्या शिंप्याला डझनामागे ४० शिलिंग दंड ठरला आणि १७२० पासून असे कपडे घालणाराही गुन्हेगार ठरू लागला. चिंधीच्या बटणाची एवढी धास्ती वाटली, कारण त्यात माल जवळजवळ फुकट असतो. खर्च होतो तो हाताचा आणि वेळेचा. या बटणाचा पुढचा इतिहासही याच हिशेबावर चालला आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्टहॅम्पटन गावी १८२० च्या दशकात एमिली विलिस्टन यांनी घरखर्चाला हातभार म्हणून बटणांवर कापड चढवायला सुरुवात केली. पती सॅम्युअल शेती करीत. त्यांची नजर अधू होती. घरी आलेल्या पाहुण्याच्या कोटाचे बटण उसवून एमिलीबाईंनी त्याची रचना समजून घेतली, असे तिकडे सांगतात. मागणी वाढत गेली तशी आसपासच्या शेकडो घरांतल्या बायका हे काम करू लागल्या. सॅम्युअल यांनी कापड आणि साचे घरोघर पोचवायचे आणि तयार बटणे गोळा करायची, अशी व्यवस्था बसवली. पुढे जोएल हेडन यांच्या भागीदारीत ते यंत्राकडे वळले आणि १८४७ साली कारखाना ईस्टहॅम्पटनला आला. बटणांच्या कमाईतून त्यांनी १८४१ साली काढलेली शाळा नाव बदलून आजही चालू आहे.

यंत्राचा मार्ग इंग्लंडमध्ये आधीच मोकळा झाला होता. बेंजामिन सँडर्स यांनी १८१३ साली धातूच्या दोन चकत्यांमध्ये कापडाची कड दाबून बसवण्याचे पेटंट घेतले. त्यांच्या मुलाने १८२५ साली मागच्या धातूच्या कडीऐवजी लवचिक कापडी देठ आणला. शिवणसामानाच्या दुकानात हातयंत्रावर आज मिनिटाभरात कापड चढवून मिळते, ते याच तत्त्वावर.

हाताने बटण करायला मात्र यंत्र लागत नाही. लाकडी, प्लास्टिकची किंवा जुन्या बटणाची चकती साचा म्हणून चालते. कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे आटत नाही. साच्याच्या व्यासाच्या दुपटीहून किंचित लहान गोल कापावा; २० मिलिमीटरच्या साच्याला ३८ मिलिमीटरचा गोल पुरतो. गोल मोठा झाला तर मागे गाठोडे होते, लहान झाला तर कड निसटते. कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत दुहेरी दोऱ्याने बारीक धावदोरा घालावा, मधोमध साचा ठेवावा आणि दोरा ओढून चुण्या सारख्या कराव्यात. मग पाठीमागे समोरासमोरच्या चुण्या आडव्या-उभ्या टाक्यांनी ओढून बांधाव्यात. कापड पातळ असेल तर खाली अस्तराचा थर द्यावा, नाहीतर साचा आतून दिसतो. सुती कापड किंचित ओलसर करून चढवले तर वाळताना आणखी ताणले जाते. शेवटी पाठीवर छोटी चकती शिवून टाके झाकावेत. कापडावर बुट्टी असेल तर ती मध्यभागी येईल असे बेतून कापावे. बटणाची सगळी शोभा त्या बेतण्यात असते.

आपल्याकडे बाराबंदीला बंद पुरत आणि कुडत्याला कापडाच्या गाठीची गुंडी. आज लग्नसराईत ब्लाउजच्या पाठीवर ओळीने दिसतात ती पोटली बटणे. ती मऊ आणि गोल असतात, त्यांना चकती नसते. चार सेंटिमीटर चौकोनी तुकड्यात आठ मिलिमीटरचा मणी किंवा घट्ट वळलेला कापूस ठेवायचा, कापड सगळीकडून खाली ओढायचे आणि मानेपाशी दोऱ्याचे आवळून वेढे द्यायचे. दोरा दोन-तीन टाक्यांनी पक्का करून खालचे जास्तीचे कापड कापायचे. जरीचे कापड लगेच उसवते, म्हणून वेढे सैल राहता कामा नयेत. समोरच्या बाजूला उरेब पट्टीचे फासे शिवतात. उरेब कापड ताणाला लवते. फासे वापराने सैल होतात, म्हणून सुरुवातीला बटण थोडे अडूनच आत जायला हवे. पुष्कळदा ही बटणे शोभेपुरती असतात आणि खरा ताण आतले हुक घेतात.

ब्लाउजपिसाची किंवा पैठणीची कात्रण मिळाली तर ती आवर्जून जपावी. शिवणयंत्र नसलेल्या घरातही सुई-दोरा असतोच, तेवढ्यावर हे काम शिकता येते. आणि शिवायला टाकताना ओळीभर पोटली बटणांची शिलाई शिंप्याने जास्त सांगितली, तर घासाघीस करू नका. तिथे किंमत कापडाची नसते. प्रत्येक बटण कोणीतरी मान खाली घालून एकेक करून बांधलेले असते. त्या मेहनतीचे पैसे पूर्ण द्या.