क्षणाच्याही आत तापणारं पाणी

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पाण्याच्या बारीक धारेवर क्ष-किरण लेझरचा झोत पडला आणि ते पाणी 75 फेमटोसेकंदांच्या आत सुमारे 1 लाख अंश सेल्सियसपर्यंत तापलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाची बातमी भरपूर गाजली. मला मात्र त्यापेक्षा भुरळ पडते ती पाणी जेमतेम काही अंशांनी तापवून, तापण्याची पहिली पायरी कोणती हे शोधणाऱ्या वर्णपटशास्त्राची.

सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेमटोसेकंद. एवढा वेळ मोजणारं घड्याळ नाही, म्हणून इथे वेळ अंतराने मोजतात. एकाच लेझरच्या स्पंदातून दोन स्पंद घडवतात. पहिला, म्हणजे 'पंप', पाणी तापवतो. दुसरा, 'प्रोब', त्याची तपासणी करतो. प्रोबच्या वाटेतला आरसा दीड मायक्रोमीटर मागे सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन तीन मायक्रोमीटर जास्त चालावं लागतं आणि तो 10 फेमटोसेकंद उशिरा पोचतो. आरसा थोडाथोडा सरकवत जायचं, आणि दर वेळी वर्णपट टिपायचा. युक्ती इतकी साधी आहे की तिचा हेवा वाटावा.

अडचण पाण्याचीच. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं ताणलं जाणारं कंपन सुमारे 3 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश इतक्या अधाशीपणे शोषतं, की तो एखाद्या मायक्रोमीटरच्या खोलीतच संपतो. त्यामुळे नमुना तेवढाच पातळ हवा. तापमापकही हाच बंध. शेजारच्या रेणूशी असलेला हायड्रोजन बंध घट्ट असेल तर या कंपनाची वारंवारता कमी असते; पाणी तापून तो सैलावला की ती वाढते.

मग ऊर्जा जाते कुठे? आम्स्टरडॅममध्ये सँडर वाउटर्सन आणि हॉइब बाकर यांनी 1999 मध्ये दाखवलं, की ती एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर उडी मारते. 2005 मध्ये टोरांटोच्या गटाला आढळलं, की पाण्यातल्या हायड्रोजन बंधांचं जाळं आपल्या रचनेची आठवण 50 फेमटोसेकंदांच्या आतच हरवतं. ताणाचं कंपन साधारण 200 फेमटोसेकंदांत विरतं. बरीचशी ऊर्जा आधी रेणू वाकण्याच्या कंपनात आणि मग रेणूंच्या डोलण्यात उतरते. एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे हजार फेमटोसेकंदांच्या, आसपास वर्णपट नेहमीच्या गरम पाण्यासारखा दिसू लागतो. त्याआधी काही कंपनं तापलेली, काही थंड असतात. अशा वेळी पाण्याचं तापमान किती, हा प्रश्नच फोल ठरतो.

बंधांच्या रचनेविषयी आणखी विचारायचं तर मृदू क्ष-किरण हवेत. ऑक्सिजनच्या शोषणात 535 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा उंचवटा पाणी तापल्यावर वाढतो, 540 च्या आसपासचा ओसरतो. बर्कलीतल्या प्रयोगांनी हा बदल काळानुसार टिपला. स्लॅकच्या 1 लाख अंशांची गोष्ट निराळी: तिथे क्ष-किरण इलेक्ट्रॉनच उखडून काढतात आणि द्रवाइतक्याच घनतेचा प्लाझ्मा उरतो.

वर्णपटातले हे फरक फार फिके असतात, म्हणून असंख्य स्पंदांची सरासरी काढावी लागते. स्लॅकचा जुना लेझर सेकंदाला 120 स्पंद देई. सप्टेंबर 2023 मध्ये पहिला प्रकाश दिलेला नवा लेझर सेकंदाला 10 लाखांपर्यंत स्पंद देण्यासाठी बांधला आहे.