गोफण दंडाच्या बळावर चालत नाही

बेल्ह्याच्या पट्ट्यात ज्वारी दाण्यात आली, भोरड्यांचे थवे उतरू लागले की राखणीची गोफण बाहेर निघते आणि तिच्यासोबत एक ठाम समजूतही: दंडात ताकद असेल त्याचाच गुंडा लांब जातो. सोमवारच्या बाजारात कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. हिशेब मात्र वेगळं सांगतो. ५० ग्रॅमचा गोफणगुंडा सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात साडेबावीस ज्यूल ऊर्जा असते. सव्वादोन किलोचं ओझं मीटरभर उचलायला तेवढीच लागते. भरलेली घागर जमिनीवरून कमरेवर घेणारी बाई दर खेपेला याहून कितीतरी जास्त खर्च करते. तिच्या दंडाचं कौतुक कुणी करत नाही.

खरी करामत जोडणीची आहे. खांद्याभोवती हात फिरतो, मुठीभोवती दोरी. म्हणजे एकाला एक अडकवलेले दोन लोलक. आधी मूठ पुढे असते, गुंडा मागे. मूठ दोरीला अशी पुढून ओढत राहते तोवर गुंड्याचा वेग वाढतो. शेवटी मूठ मंदावते, मागे रेंगाळलेला गुंडा तिला ओलांडतो आणि हाताची गती त्याच्यात उतरते. गोल्फची काठी याच तत्त्वावर चालते. कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी १९६८ साली ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात दोन दांड्यांचं हेच प्रारूप मांडलं. तिथेही काठी चेंडूपाशी येते तेव्हा हात मंदावलेले असतात आणि टोक भरवेगात असतं. शेवटपर्यंत दंडाने रेटणारा माणूस मनगट आखडून नेमकी हीच देवाणघेवाण अडवतो.

‘मग पैलवानाचा गुंडा लांब कसा जातो?’ प्रश्न रास्त आहे. वरच्याच उदाहरणात गुंडा मीटरभर त्रिज्येवर फिरत असेल, तर दोरीला सुमारे साडेचार किलोचा ताण बसतो. तो पेलायला आणि हात चपळ फिरवायला स्नायू हवेतच. पण त्या वेगात सेकंदाच्या शंभराव्या भागात दोरी १७ अंश वळते. गोफण आडवी फिरवताना सोडायला एवढीच चूक झाली, तरी ६० मीटरवरच्या थव्यापासून गुंडा १८ मीटर बाजूला पडतो. ही चूक कुठलाही भरदार दंड झाकत नाही.

बाकीच्या समजुती थोडक्यात. गुंडा केंद्रापासून सरळ बाहेर उडतो? नाही, सुटतो त्या क्षणीच्या स्पर्शरेषेवर जातो. जास्त फेरे म्हणजे जास्त वेग? एकाच वेगाने मारलेल्या फेऱ्यांनी काहीच भर पडत नाही. दोरी जितकी लांब तितका पल्ला? तेवढ्याच चपळाईने फिरवता आली तरच. सोडल्यावर हात पुढे रेटला की गुंडा आणखी जातो? दोरी सुटली की हाताचा अधिकार संपला.

तेव्हा पोरांना गोफण शिकवताना ‘जोर लाव’ म्हणणं आधी बंद करा. मनगट सैल ठेवायला आणि दोरी वेळेवर सोडायला शिकवा, तेही माणसं-गुरं नसलेल्या बाजूला.