युनियन बेटावरील पाल : दुर्मिळतेचा बाजार

कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाइन्स या देशाच्या युनियन बेटावर, चॅथम उपसागरालगतच्या उतारावर, जुन्या जंगलाचा जेमतेम ५० हेक्टरांचा पट्टा उरला आहे. तेथे दगडांखाली आणि कुजक्या ओंडक्यांत सुमारे तीन सेंटिमीटर लांबीची एक रंगीत पाल राहते. जगात ती अन्यत्र कोठेही आढळत नाही. २००५ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिचा ठावठिकाणा परदेशी हौशी संग्राहकांनाही कळला. साहजिकच चोरटी शिकार सुरू झाली. पाल शोधताना दगड उलथले जातात, ओंडके फोडले जातात. म्हणजे जी हाती लागत नाही तिचाही निवारा नष्ट होतो. किंमत वाढली की मागणी घटते, हा नेहमीचा नियम येथे लागू पडत नाही; प्राणी जितका दुर्मिळ, तितका तो संग्राहकाला हवासा वाटतो.

२०१९ मध्ये जिनिव्हा येथील ‘साइट्स’ परिषदेत या पालीचा परिशिष्ट १ मध्ये समावेश होऊन तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. (टोके पालीला परिशिष्ट २ मध्ये आणण्याच्या तेथील प्रस्तावात भारत सहभागी होता.) मात्र खरा फरक पडला तो स्थानिक रहिवाशांच्या गस्तीमुळे. २०१८ मधील सुमारे १०,००० ही संख्या २०२२ पर्यंत १८,००० च्या आसपास पोहोचली. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ चक्रीवादळाने बेटावरील बहुतेक घरे उद्ध्वस्त केली. गस्त घालणारे याच बेटाचे रहिवासी आहेत.