कठडा: घराची शोभा आणि जिवाचे रक्षण

खालापूर तालुक्यातील शिळफाटा हे बोरघाटाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वसलेले ठिकाण. खोपोलीच्या या परिसरात बैठ्या कौलारू घरांच्या शेजारी आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. ओटीची जागा बाल्कनीने घेतली आहे. घर घेणारे कुटुंब कठड्याची नक्षी हौसेने निवडते. त्याची उंची मात्र क्वचितच मोजते. म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

जुनी परंपरा

पुण्याचा विश्रामबागवाडा (१८०७) त्याच्या कोरीव लाकडी सज्जासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या चाळींत तर गॅलरीचा कठडा हीच शेजाऱ्यांशी बोलण्याची जागा. युरोपात फुगीर छोट्या खांबांच्या कठड्याची रीत पंधराव्या शतकात इटलीत रूढ झाली. त्याचे 'बॅलस्ट्रेड' हे नाव डाळिंबाच्या फुलाच्या ग्रीक नावावरून आले, कारण खांबांचा आकार त्या फुलासारखा दिसतो. जुन्या चर्चमधील वेदीपुढचा कठडा अनेकदा याच घाटाचा असतो. आज साच्यातून काढलेले सिमेंटचे तसेच खांब बंगल्यांच्या गच्चीवर दिसतात.

पवित्र शास्त्राचा दंडक

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, अन्यथा तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा नियम जुन्या करारात आहे (अनुवाद २२:८). त्या काळी सपाट धाब्यावर माणसे झोपत, अंबाडी वाळवीत, प्रार्थना करीत. पडणारा निष्काळजी होता की नाही, हे तो नियम विचारत नाही. जबाबदारी घर बांधणाऱ्यावर आहे.

काय पाहावे?

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे कठड्याची उंची एक मीटरपेक्षा कमी नसावी. ती तयार फरशीपासून मोजायची असते. जुन्या फरशीवर नवी टाईल बसवली की उंची तेवढी घटते. कठड्यालगत ठेवलेली खुर्ची किंवा मोठी कुंडीही मुलांना तो ओलांडण्यास मदत करते.

ब्रिटनमधील नियमांनुसार, जेथे पाच वर्षांखालील मुले वावरतात तेथे कठड्याच्या फटीतून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये आणि कठडा सहज चढता येण्याजोगा नसावा. आडव्या नळ्यांचे रेलिंग आज फॅशनमध्ये आहे, परंतु लहान मुलासाठी ती शिडीच ठरते. उभे गज अधिक सुरक्षित.

कठडा बहुधा मुळाशी निखळतो. वर टेकलेल्या माणसांचा सारा जोर तरफेसारखा खांबाच्या बुडावर येतो. तेथेच पावसाचे पाणी साचते आणि लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे भोवतालचे सिमेंट फुटते. घाटाखालच्या मुसळधार पावसात हे लवकर घडते. वरून दिलेला रंग आतील गंज झाकतो, थांबवीत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या अधिक टिकतात, मात्र वेल्डिंगने जळलेल्या जागी तो मुलामा पुन्हा द्यावा लागतो.

सज्जाचा स्लॅब भिंतीबाहेर अधांतरी असतो, म्हणून त्याच्या मुख्य सळ्या वरच्या बाजूस असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना त्या पायांखाली दबल्या, तर सज्जा कमकुवत राहतो. अशा जागी पाण्याची टाकी ठेवणे किंवा वीटकाम करून खोली वाढवणे धोक्याचे. मुंबईच्या काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन ही एकोणिसाव्या शतकातील ओतीव लोखंडाची वास्तू जगप्रसिद्ध आहे. २००५ साली तिच्या सज्जांचा काही भाग कोसळून जीवितहानी झाली. वास्तूची कीर्ती देखभालीची उणीव भरून काढीत नाही.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सोसायटीने जिना, गच्ची आणि बाल्कनी यांचे कठडे तपासून घ्यावेत. हलणारा एखादा खांब दिसला, तर दुरुस्ती होईपर्यंत ती जागा दोरी बांधून बंद करावी. भाडेकरूंच्या खोल्याही यातून सुटू नयेत. आपल्या घरी येणारे पाहुणे आणि त्यांची मुले आपल्या कठड्यावर विश्वासाने टेकतात. तो विश्वास सार्थ ठरविणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.