इमल्शन रंगाचा घट्टपणा: समज आणि वस्तुस्थिती

डब्यात घट्ट दिसणारा इमल्शन रंग भिंतीवरही जाड बसतो, हा समज ग्राहकांत रूढ आहे. परंतु श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, हा एकच कायम आकडा असतो असे तो गृहीत धरतो. द्रवाचे लगतचे थर एकमेकांवरून ज्या दराने सरकतात त्याला कर्तन-दर म्हणतात. तो डबा ढवळताना सेकंदाला सुमारे १० ते १०० असतो, ब्रश किंवा रोलर वेगाने फिरताना १०,००० च्या घरात जातो आणि लावलेला रंग ओघळू लागतो तेव्हा १ च्याही खाली येतो. थराची जाडी मुख्यतः यांतल्या दुसऱ्या अवस्थेतील श्यानतेवर ठरते, आणि ती डब्यात पाहून कळत नाही.

रंगाची श्यानता घट्टकारक नावाचे घटक घालून ठरवली जाते. घट्टपणासाठी त्यांचा रेणू लांबच हवा, हे विधान हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोजपुरते खरे आहे, कारण त्याच्या साखळ्या पाण्यात जागा व्यापून आणि एकमेकींत गुंतून काम करतात. सहचारी बहुवारिक या दुसऱ्या प्रकारच्या घट्टकारकांचे तसे नाही. त्यांच्या युरेथेन प्रकारात पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या तुलनेने आखूड, जलस्नेही साखळीच्या दोन्ही टोकांना जलविरोधी गट असतात. पाणी टाळण्यासाठी हे गट मिसेल नावाच्या सूक्ष्म पुंजक्यांत एकवटतात, रंगातील लॅटेक्सच्या, म्हणजे बंधक बहुवारिकाच्या, कणांनाही चिकटतात, आणि एका साखळीची दोन टोके दोन ठिकाणी अडकली की पूल बांधला जाऊन द्रवभर जाळे पसरते. या जाळ्याचे सांधे सतत सुटत व जुळत असल्याने ब्रशच्या रेषा सपाट होण्यास वाव राहतो, आणि रोलरवरून शिंतोडेही कमी उडतात.

सर्वांत महागात पडणारा समज असा, की घट्टकारकाचे प्रमाण एकदा ठरले की ते कोणत्याही मिश्रणात चालते. प्रत्यक्षात साबणासारखा पृष्ठसक्रिय पदार्थ अल्प प्रमाणात असेल तर मिश्र मिसेल तयार होऊन जाळे बळकट होते व श्यानता वाढूही शकते. तोच भरपूर झाला की मिसेलांची संख्या इतकी वाढते की जलविरोधी टोकांना एकमेकांची गरज उरत नाही, पूल तुटतात आणि श्यानता कोसळते. गडद छटेसाठी स्टेनर, म्हणजे छटा देणारे रंगद्रव्याचे द्रावण, ओतताच रंग पातळ होतो तो अनेकदा याच कारणाने, कारण स्टेनरमध्ये पृष्ठसक्रिय पदार्थ व ग्लायकॉल असतात. अशा वेळी पाण्याच्या भेसळीचा संशय घेणे अन्यायाचे ठरते. म्हणूनच पांढऱ्या बेसवर केलेली चाचणी पुरेशी मानता येत नाही. सर्वांत गडद छटा मिसळूनही श्यानता मोजावी लागते, आणि घट घातक ठरत असेल तर युरेथेनच्या जोडीला सेल्युलोजचा काही अंश ठेवावा लागतो.