आईला सहलीला न्यायचे

दिवाळीनंतर आपल्या जव्हार-मोखाड्याची कितीतरी माणसे वीटभट्टीच्या कामाला जातात. कुणी भिवंडीला, कुणी वसईकडे. म्हातारी आईही एके काळी अशीच गेली. तिने घर सोडले ते कामासाठीच. मौजेसाठी गाव सोडायचे, हे तिला ठाऊकच नाही.

आता पोरे म्हणतात, "खोपोलीजवळ इमॅजिका आहे. आजीलाही नेऊ." ही करमणुकीची मोठी बाग आहे. 2013 साली ती सुरू झाली. आई म्हणते, "मला काय करायचंय तिथं? तुम्ही जा."

अशा वेळी आपण रागावू नये. तिच्या मनात काय आहे ते विचारावे. बहुधा तीन काळज्या निघतात.

पहिली पैशाची. तिला सांगा, मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. 75 वर्षे पुरी झाली असतील, तर ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट आहे. आधार कार्ड बरोबर घ्या. बागेचे तिकीट वेगळे पडते. ते आधीच विचारून ठेवा.

दुसरी घराची. कोंबड्या, शेळ्या कोण बघेल? शेजारणीला सांगून ठेवा.

तिसरी अंगाची. पाळण्यात बसलेच पाहिजे असे नाही. सावलीत बसून नातवंडांची गंमत बघितली तरी पुष्कळ झाले.

तरीही ती नको म्हणाली, तर आधी जव्हारला हनुमान पॉइंटवर नेऊन आणा. दरी बघू दे, चहा पिऊ दे. जवळची वाट गोड लागली, की लांबची वाट सोपी होते.

जन्मभर तिने कामासाठी गाव सोडले. एकदा तरी सुखासाठी सोडू दे.